देवानं माफ केलं, आता काकीला कशाला सांगायचं?

कोपरीची_पोर

ठाणे-नवी मुंबईतल्या ख्रिस्ती सभासदांना मुद्दाम विचारतेय, पण उत्तर कुणीही द्या.

पप्पा बरेच दिवस अंथरुणाला खिळलेत. मागे एकदा त्यांनी आपणहून फादरांना बोलवायला सांगितलं. आम्ही सगळे खोलीबाहेर थांबलो. कन्फेशन (पापांची कबुली) झालं, आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करतात ते तैलाभ्यंग झालं, कम्युनियन (प्रसादाची भाकर) घेतलं. त्या रात्री गोळी न घेता झोपले.

दुसऱ्या दिवशी मला जवळ बसवून त्यांनी जे सांगितलं ते असं. काका वारले तेव्हा महिन्याची मिस्सा (चर्चमधली प्रार्थना) व्हायच्या आत पप्पांनी काकीची हक्कसोडपत्रावर सही घेतली होती. 'बिल्डरला कागद द्यायचेत, नुसती औपचारिकता आहे' असं सांगून. आजोबांचं घर पाडून इमारत झाली, दोन फ्लॅट आले, दोन्ही पप्पांच्या नावावर. काकीला मूलबाळ नाही. ती कळव्याला भाड्याच्या खोलीत राहते आणि अजूनही नाताळला आमच्याकडे कुलकुल्यांचा (नाताळच्या गोड फराळाचा) डबा पाठवते.

मी विचारलं, मग आता? पप्पा म्हणाले, "देवानं माफ केलं. आता तिला कशाला सांगायचं? उगाच जखम उकरायची."

माझा प्रश्न कायद्याचा नाही. देवानं खरंच माफ केलं असेल तर माणसांमधला हिशेब मिटला का? आणि मिटला नसेल तर त्या रात्रीची त्यांची झोप खरी होती की नाही?

पाचपाखाडीकर

जड विषय. रुमाल टाकून ठेवतो, रात्री सविस्तर लिहितो.

घोडबंदरचा_वाटसरू

मी हिंदू, त्यामुळे बाहेरून बोलतोय, राग मानू नका. मला हे नेहमीच फार सोयीचं वाटत आलंय. फसवलं एकीला आणि माफी मागितली दुसऱ्याकडे. ज्याचं काही गेलंच नाही त्यानं माफ करायचं आणि जिचं घर गेलं तिला पत्ताही नाही! आमच्याकडे केल्या कर्माचं फळ भोगूनच संपतं म्हणतात. कठोर आहे, पण निदान काकीवर अन्याय करत नाही.

रुथ_ऐरोली

वाटसरू, प्रश्न रास्त आहे. पवित्र शास्त्रातच त्याचं उत्तर आहे आणि ते तुमच्याच बाजूनं झुकतं.

लूकच्या 19व्या अध्यायात जक्कयची गोष्ट आहे. यरीहोतला मुख्य जकातदार, लोकांना नाडून श्रीमंत झालेला. येशूला बघायला उंबरावर चढला. येशू खाली थांबून म्हणाला, उतर, आज मला तुझ्या घरी राहायचंय. इथे क्रम बघा. जक्कयनं अजून एक पैसाही परत केलेला नाही, कबुलीही दिलेली नाही. दया आधी दारात आली. मग तो उभा राहून म्हणाला, अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याला फसवलं असेल त्याला चौपट परत करतो. तेव्हा कुठे येशू म्हणाला की आज या घराला तारण झालं.

पैसे भरून दया मिळवली असं झालं नाही. पण दया आत आल्यावर तिजोरी बंद राहिली, असंही झालं नाही. ताई, तुमच्या पप्पांची झोप मला खरीच वाटते. फक्त ती अर्ध्या वाटेवरची आहे.

तलावपाळी_कट्टा

रुथताईंना +१.

थोडं हलकं. आमचा मोठा भाऊ पहिल्या कम्युनियनच्या आधी कन्फेशनला गेला. पाप काय, तर चर्चच्या आवारातले चिकू चोरले. जाळीपलीकडून फादरांनी विचारलं, "किती?" हा म्हणाला, "पाच." फादर म्हणाले, "कच्चे की पिकलेले?" हा म्हणाला, "कच्चे. तांदळात घालून पिकवले." फादरांनी प्रायश्चित्त दिलं, एक 'आमच्या बापा' ही प्रार्थना आणि अख्खा मे महिना त्या झाडाला पाणी. ते पाप कन्फेशनमध्ये सांगितलेलं असल्यानं फादर बाहेर कुणाला बोलले नाहीत, पण हा रोज संध्याकाळी बादली घेऊन निघाला की आख्ख्या वाडीला कळायचं!

नेरूळचे_आजोबा

कट्टा, तुमच्या भावाच्या फादरांना धर्मशास्त्र पक्कं कळलं होतं. मी बरीच वर्षं मुलांना कॅटेकिझम (धर्मशिक्षण) शिकवलं, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

लोकांना वाटतं कुमसार (कन्फेशन) म्हणजे पापं सांगितली की झालं. तसं नाही. विवेकाची तपासणी, मनापासून पश्चात्ताप, पुन्हा न करण्याचा निश्चय, कबुली आणि नेमून दिलेलं प्रायश्चित्त, असं ते सगळं मिळून होतं. पापमोचनानं पाप पुसलं जातं. पण पापानं केलेलं नुकसान आपोआप भरून निघत नाही, हे चर्चच्या शिकवणुकीत स्पष्ट आहे. चोरलेलं परत करणं, ज्याची बदनामी केली त्याचं नाव स्वच्छ करणं, हे उरतंच. परत करायची ऐपत नसेल तर गोष्ट वेगळी. ऐपत असून परत करायचंच नाही असं मनात पक्कं असेल, तर तो पश्चात्ताप होता का, हा प्रश्न उभा राहतो.

हे जुन्या करारापासून चालत आलंय. गणनेच्या 5व्या अध्यायात नियम आहे: पाप कबूल कर, मुद्दल पूर्ण परत कर आणि वर पाचवा हिस्सा जोडून ज्याचं नुकसान केलंस त्याला दे. कबुली आणि परतफेड एकाच वाक्यात आहेत.

वाटसरू, देव मध्ये कुठून आला असं तुम्ही विचारता. दावीद राजानं उरियाची बायको घेतली आणि उरियाला लढाईत मरायला पाठवलं. नाथान संदेष्ट्यानं तोंडावर सांगितल्यावर तो म्हणाला, मी परमेश्वराविरुद्ध पाप केलं. म्हणजे उरियाचं काही गेलं नाही असा अर्थ नाही. ज्या देवानं उरियाला घडवलं त्याचाही तो अपराध होता, असा आहे. काकीला लुबाडलं तेव्हा देवाचंही काही गेलंच.

आणि ताई, एक कळकळीची विनंती. फादरांना 'पप्पांना काय सांगितलंत' असं विचारू नका. कुमसारातलं गुपित फोडणाऱ्या धर्मगुरूला थेट चर्चमधून बहिष्काराची शिक्षा आहे. कदाचित त्यांनी परतफेडीचं सांगितलं असेल, कदाचित पप्पांनी तेवढं खोलात सांगितलंच नसेल. धर्मगुरूचं तोंड बंद आहे, पण पप्पांचं नाही. त्यांनी तुम्हाला स्वतःहून सांगितलं, हे मला फार मोठं वाटतं. सगळं मिटलंय अशी खात्री असती तर मुलीला जवळ कशाला बसवलं असतं?

कोपरीची_पोर

आजोबा, शेवटचं वाक्य वाचून थांबले. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

वाशीची_मावशी

मी त्या काकीच्या जागी होते, म्हणून लिहितेय.

आमच्या बाबतीत घर नाही, रक्कम होती. नवरा गेल्यावर मोठ्या दिरानं परस्पर उचलली. खूप वर्षांनी ते एका प्रार्थना शिबिराला जाऊन आले आणि थेट घरी आले. सोबत दोन पाहुणे आणि हातात मिठाईचा बॉक्स. सगळ्यांसमोर रडले, पाया पडायला वाकले. म्हणाले, देवानं मला माफ केलं, आता तूही कर. पाहुणे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी 'केलं' म्हणाले. दुसरं काय म्हणणार? ते हलके होऊन गेले. मिठाईचा बॉक्स टेबलावर राहिला आणि रकमेचा विषय कुणी काढलाच नाही.

मुलीच्या फीसाठी मी कर्ज काढलं तेव्हा ते सगळं पुन्हा वर आलं. त्यांनी माझ्याकडून माफी मागितली नव्हती, वसूल केली होती.

म्हणून सांगते, पप्पांना काकीसमोर नेऊन रडवू नका. आधी तिचं तिला द्या. मग सांगा. माफ करायचं की नाही, केव्हा करायचं, ते तिला ठरवू द्या. ती लगेच नाही म्हणाली तर तिला कुणी येशूच्या गोष्टी सांगू नयेत.

रुथ_ऐरोली

मावशी, तुमचं वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. मत्तयच्या 5व्या अध्यायात येशू म्हणतो, वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जा, समेट कर, मग येऊन अर्पण कर. आमच्या मंडळीत हे वाचन प्रभुभोजनाच्या आधी अनेकदा होतं. ज्याच्याकडून दुखावलं गेलं त्यानं उठून जायचंय. जी दुखावली गेली तिच्यावर ओझं टाकलेलं नाही.

घोडबंदरचा_वाटसरू

आजोबांचा आणि मावशींचा प्रतिसाद वाचून माझं पहिलं मत पुन्हा तपासतोय. सोयीचं आहे असं म्हटलं होतं, पण हे तर जास्त अवघड निघालं. कर्मफळात माणूस निदान 'माझं नशीब' म्हणून बसून राहू शकतो. इथे उठून कळव्याला जावं लागतं.

वारकरी घरातला आहे मी. तुकोबा स्वतःला पतित म्हणवून विठ्ठलाच्या पायाशी जातात तेव्हा दयेवरचा तोच भरवसा दिसतो. आणि हेही आठवलं, की वडिलांच्या सावकारीतली त्यांच्या वाट्याची कर्जखतं त्यांनी इंद्रायणीत बुडवली असं परंपरा सांगते. ज्यांच्याकडून येणं होतं त्यांना मोकळं केलं. दयेवर विसंबलेल्या माणसाचा हात तिजोरीकडे जातो तो असाही.

पाचपाखाडीकर

रुमाल उचलतो. थोडं वेगळं मत आहे.

तुम्ही सगळे परतफेडीवर इतका भर देताय की एक धोका दिसतोय. पप्पा आजारी आहेत. 'तुमचा पश्चात्ताप अपुरा' असं त्यांच्या मनात भरलं तर माणूस निराशेत जाईल. येशूचे दोन शिष्य: पेत्रानं त्याला तीनदा नाकारलं आणि यहूदानं धरून दिलं. दोघांनाही पस्तावा झाला. यहूदानं तर चांदीची तीस नाणी परतही केली, मत्तयच्या 27व्या अध्यायात आहे ते. म्हणजे परतफेड यहूदानं केली, पेत्रानं नाही! फरक कुठे पडला? यहूदानं आपल्यालाही माफी मिळू शकते हे धरलंच नाही, तो एकटाच जाऊन संपला. पेत्र ढसाढसा रडला, पण बाकीच्यांमध्ये राहिला, आणि पुढे सरोवराच्या काठी येशूनं त्याला तीनदा विचारलं, माझ्यावर प्रेम करतोस का?

शिवाय येशूच्या शेजारी क्रुसावर खिळलेला चोर. त्याला परत द्यायला ना हात मोकळे होते ना वेळ. 'आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील' हे त्यालाच सांगितलं गेलं. म्हणून म्हणतो, पप्पांची झोप मोडू नका.

नेरूळचे_आजोबा

पाचपाखाडीकर, यहूदाच्या नाण्यांचा मुद्दा बिनतोड आहे, मान्य. पण त्यानं नाणी मंदिरात फेकली, ज्याचं बिघडवलं त्याच्याकडे तो गेला नाही. आणि चोराचे हात खिळलेले होते. पप्पांचा उजवा हात सहीपुरता चालतो ना?

पोखरणवाली

आमची आई ठाण्यातल्या पोखरणच्या अवर लेडी ऑफ मर्सी चर्चला जाते. रोज दुपारी तीनला, येशूच्या मरणाची वेळ म्हणून, दैवी दयेची माळ म्हणते. तेव्हा घरात टीव्ही बंद, कुकरसुद्धा लावायचा नाही. त्या तसबिरीतल्या येशूच्या छातीतून दोन किरण निघतात, एक लाल आणि एक फिकट. रक्त आणि पाणी. खाली ओळ, 'येशू, माझा तुझ्यावर भरवसा आहे'.

ही भक्ती आली पोलंडच्या सिस्टर फाउस्टिनाकडून. गरीब घरातली, जेमतेम शाळा शिकलेली, मठात स्वयंपाक आणि बागकाम करायची. 1931 मध्ये तिला ते दर्शन झालं, 1934 मध्ये पहिलं चित्र काढलं गेलं आणि 1938 मध्ये, वयाच्या 33व्या वर्षी ती वारली. पुढे 1959 पासून 1978 पर्यंत तिच्या लिखाणाच्या आणि तसबिरींच्या प्रसारावर रोमनंच बंदी घातली होती. बंदी उठली आणि 30 एप्रिल 2000 ला पोप दुसरे जॉन पॉल यांनी तिला संत घोषित केलं. पुनरुत्थानाच्या सणानंतरचा (ईस्टरनंतरचा) रविवार दैवी दयेचा रविवार म्हणून सगळ्या चर्चला दिला तोही तेव्हाच.

हे सांगायचं कारण असं. माळ म्हणा आणि सुटा, असं तिनं सांगितलेलं नाही. शेजाऱ्यावर दया करा, ती कृतीनं करा, शब्दानं करा आणि प्रार्थनेनं करा, हा त्या भक्तीचाच भाग आहे. कृती पहिली येते. पप्पांना माळ आवडत असेल तर त्यांच्याबरोबर म्हणा, आणि हेही सांगा.

रुथ_ऐरोली

आम्ही प्रोटेस्टंट माळ जपत नाही, तसबिरीपुढे प्रार्थनाही करत नाही, ते मतभेद आहेत आणि राहतील. पण कृतीबद्दलचं वाक्य मनापासून पटलं. प्रोटेस्टंट पंथाची सुरुवात करणाऱ्या लूथरच्या 1517 च्या पंचाण्णव प्रबंधांतला पहिलाच असा आहे की विश्वासणाऱ्याचं सगळं आयुष्य पश्चात्तापाचं असावं. एका दुपारचं काम नाही ते.

तलावपाळी_कट्टा

अवांतर: पोखरणवाल्या ताई, दयेच्या रविवारी चर्चच्या गल्लीत गाडी लावायला जागा मिळणं हीसुद्धा दैवी दयाच!

कोपरीची_पोर

सगळ्यांचे प्रतिसाद पप्पांना वाचून दाखवले, गाडीचासुद्धा. मावशींचा ऐकताना त्यांनी डोळे मिटून घेतले. मग म्हणाले, काका जिवंत असताना दोघांचं तोंडी ठरलं होतं, एकेक फ्लॅट. कागद झाला नव्हता.

आता खरी अडचण सांगते. दुसरा फ्लॅट भाड्यानं दिलाय आणि ते भाडं माझा भाऊ घेतो. त्याचं म्हणणं, काकीनं स्वतःच्या हातानं सही केलीय, आणि कायद्यानं बघितलं तरी तिचा वाटा पूर्ण फ्लॅटचा होत नाही. पप्पांनी कन्फेशन केलं, विषय संपला. म्हणजे पप्पांना मिळालेली माफी आता तोच ढालीसारखी पुढे धरतोय.

बेलापूरचा_मुद्रांक

कायद्यापुरतं बोलतो. भावाचं म्हणणं हिशेबानं चूक नाही. ख्रिस्ती कुटुंबाला भारतीय वारसा कायदा, 1925 लागतो. मृत्युपत्र नसेल आणि मूलबाळ नसेल, पण रक्ताचे नातेवाईक असतील, तर विधवेला नवऱ्याच्या मालमत्तेचा अर्धा भाग मिळतो. दोघे भाऊ समान वाटेकरी धरले तर काकीचा कायदेशीर वाटा दोन फ्लॅटपैकी अर्ध्या फ्लॅटइतका. पण तोही तिला खोटं सांगून काढून घेतला, हे विसरू नका.

मात्र फ्लॅट आज पप्पांच्या नावावर आहेत. त्यांना पूर्ण फ्लॅट द्यायचा असेल तर कायदा आडवा येत नाही. मृत्युपत्रावर विसंबू नका, मागून वाद होतात. हयातीत नोंदणीकृत बक्षीसपत्र करा. निवासी घर मुलाला, मुलीला किंवा नातवंडांना दिलं तर मुद्रांक शुल्कात सवलत आहे, ती भावजयीला लागत नाही. मुद्रांक शुल्काचे पैसे बाजूला ठेवा, आणि ते काकीकडून मागू नका.

नेरूळचे_आजोबा

ताई, आता धाग्याचा मूळ प्रश्नच बदलला. आधी तुम्ही विचारत होता, पप्पा सुटले का? आता प्रश्न तुम्हा भावंडांचा आहे. बापाचं पाप मुलांकडे येत नाही, यहेज्केलच्या 18व्या अध्यायात हे स्वच्छ लिहिलंय. पण फ्लॅट येतो, आणि तो कुणाचा हे आता तुम्हा दोघांना माहीत आहे. यापुढचं भाडं तुमचा भाऊ जाणूनबुजून घेणार.

त्याला दम देऊन उपयोग नाही. उधळ्या पुत्राच्या दाखल्यात धाकटा आपला वाटा उधळून परत येतो आणि बाप मेजवानी देतो; सगळे धाकट्याबद्दल बोलतात, थोरला रागावून बाहेर अंगणात राहतो. बाप त्याच्यासाठीही बाहेर येतो आणि म्हणतो, बाळा, माझं सगळं तुझंच आहे. थोरल्याची भीती वाट्याचीच होती. तो पुढे आत गेला की नाही हे लूकनं लिहिलेलंच नाही. तुमच्या भावाशी पप्पांनी स्वतः बोलायला हवं, तुम्ही नाही.

पाचपाखाडीकर

आजोबांशी सहमत. आणि माझा आधीचा मुद्दा मी मागे घेत नाही, फक्त त्याला जोड देतो. पप्पांना भावाशी बोलायला सांगताना 'नाहीतर देव माफ करणार नाही' असं कुणी म्हणू नये. माफी मिळालेला माणूस आहे, म्हणूनच हे करायचं बळ त्यांच्यात आहे, असं सांगा.

वाशीची_मावशी

भाऊ तयार होईपर्यंत काकीला काही कळवू नका. आशा लावून परत मागे घेणं फार वाईट. आणि फ्लॅट मिळाल्यावर ती कुलकुल्यांचा डबा पाठवायची थांबली तर तेही समजून घ्या. तिलाही राग यायचा अधिकार आहे, तो आजवर तिला कळलंच नाही म्हणून आला नव्हता.

कोपरीची_पोर

काल रात्री पप्पांनी भावाला बोलावलं. मी स्वयंपाकघरात थांबले. आवाज चढले, दार आपटलं, तो निघून गेला. सकाळी त्याचा मेसेज आला, फक्त एवढाच: "भाडेकरूचा करार डिसेंबरात संपतो." होकार समजू की काय, कळत नाही. पण पप्पा थांबायला तयार नाहीत. म्हणाले, फ्लॅट माझ्या नावावर आहे, कागद कर, पूर्ण फ्लॅटचा कर. काकीकडे मला स्वतःला जायचंय, जाता आलं नाही तर तू तिला इथे आण, पण कागद हातात आल्यावर.

बेलापूरवाले, एकच विचारायचं राहिलं. पप्पांना खुर्चीत बसवून नोंदणी कार्यालयात नेणं शक्य नाही. काही सोय असते का?

बेलापूरचा_मुद्रांक

असते. आजारी माणसासाठी दुय्यम निबंधक (नोंदणी अधिकारी) घरी येऊन नोंदणी करू शकतात, तसा अर्ज द्यावा लागतो आणि भेटीची फी असते. उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं प्रमाणपत्र घ्या, त्यात 'शुद्धीवर असून स्वतःच्या मर्जीनं सही करत आहेत' एवढं नीट लिहून घ्या. दोन साक्षीदार घराबाहेरचे ठेवा. बक्षीसपत्र काकीनं स्वीकारलंय अशी तिचीही सही लागेल, त्यामुळे ती त्या दिवशी हजर हवी. या वेळी तिला कागद आधी वाचायला द्या, घरी नेऊ द्या, हवं तर तिच्या ओळखीच्या वकिलाला दाखवू द्या. मसुदा मी करून देतो, फी नको. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.